टाकी क्रमांक चार

तुर्भ्याच्या त्या रसायन कारखान्यात परवान्यांचं पोर्टल इतकं रडतखडत चालायचं की परवान्याचं पान उघडेपर्यंत फिटर मंडळींची तंबाखू मळून, चावून, थुंकूनही व्हायची. पण आज दुपारी दोनला वार्षिक साफसफाई सुरू होणार होती. चाळीस माणसं टाक्यांत उतरणार, आणि परवाना उघडल्याशिवाय उतरायचं नाही हा नियम. त्या चाळिसांत आपला धाकटा भाऊ मिथुन आहे म्हणून पोर्टल सांभाळणारी स्नेहल म्हात्रे सकाळी आठलाच सर्व्हरला भिडली.

टाक्यांची रीत साधी होती. तोंडाशी एक जण राखणीला बसतो. दर पंधरा मिनिटांनी तो हाक मारतो, आतला प्रत्येक जण पत्र्यावर दोनदा ठोकतो, आणि राखणीवाला मोबाइलवर ‘आत आहे’ दाबतो. सगळे वर आले की रिकाम्या टाकीत एक शेवटची हाक मारायची. उत्तर आलं नाही, तरच परवाना बंद.

स्नेहलने आधी सर्व्हरवरच्या जावा प्रोग्रॅमला मेमरी वाढवून दिली, मग एकाच वेळी किती विनंत्या घ्यायच्या तो आकडा वाढवला. आधीच्या शहाण्याने सेशनची, म्हणजे उघड्या राहिलेल्या जोडणीची, मुदत आठ तास ठेवली होती. ती अर्ध्या तासावर आणली. सर्व्हर बंद करून चालू केला. सगळी जुनी सेशन गेली. एक सोडून.

टाकी क्रमांक चार. आत: १. परवाना उघडला चार वर्षांपूर्वी. राखणीवाल्याचं नाव: रिकामं. शेवटचं उत्तर: आज, पावणेअकरा.

तिने घड्याळ पाहिलं. दहा सत्तेचाळीस.

एक लाख चाळीस हजार उत्तरं त्या एका सेशनमध्ये साठली होती. पोर्टलचा जीव तिथेच अडकला होता. तिने सेफ्टी ऑफिसर नंदकिशोर तांडेलांना फोन लावला.

“चार नंबर? ती कधीच कापून भंगारात दिली. सायकल स्टँड आहे आता तिथे.”

“सर, त्यात कोणी… काही झालं होतं का?”

“छे! ओरखडासुद्धा नाही. सगळी वर आली, माझी सही आहे. कचरा आहे तो, उडवून टाक.”

अकरा वाजले. तिच्या डोळ्यांदेखत नवीन उत्तर पडलं. विनंती कुठून आली त्या रकान्यात सर्व्हरचा स्वतःचाच पत्ता होता, कोणाच्या मोबाइलचा नाही. स्नेहलला ते मुळीच आवडलं नाही. पण पुढे दोन वाजता चाळीस माणसं होती. तिने सेशन मारलं.

पोर्टल वाऱ्यासारखं पळायला लागलं. जे पान पाच मिनिटं घ्यायचं ते एका सेकंदात उघडलं. दोन वाजता सगळे परवाने उघडले आणि तिने सकाळपासूनचा पहिला चहा घेतला.

सव्वातीनला फोन आला. नऊ नंबरच्या टाकीवर राखणीला बसलेला कुंदन.

“मॅडम, पोर्टलवर काय गडबड हाय का? आत मानसं तीन हायत. ठोके आठ येतात.”

त्या तिघांत मिथुन होता.

“बाहेर काढ. सगळ्यांना, आत्ता!” ती लॅपटॉप काखेत मारून धावली.

ती पोहोचली तेव्हा दोघे वर आले होते. तिसरा मिथुन, घामाने निथळलेला. त्याचा दंड हातात आला तेव्हा तिला रडू फुटायचंच बाकी राहिलं.

कुंदनने रीतीप्रमाणे रिकाम्या टाकीत वाकून हाक मारली.

आतून दोनदा ठोकलं.

मिथुनने पट्टा पुन्हा कमरेला आवळायला घेतला.

“कुठे चाललास?”

“ताय, कोनतरी हाय ना आत. असाच सोरू त्याला?”

“मिथुन, आत कोणी नाही!”

“मग ठोकतंय कोन?” त्याने एक पाय शिडीवर टाकला.

स्नेहल तिथेच जमिनीवर बसली. लॅपटॉप उघडला. टाकी क्रमांक चार. नवा परवाना भरायला घेतला. आत: १. पान पुढे सरकेना. राखणीवाल्याच्या नावाचा रिकामा रकाना लाल झाला होता.

मिथुनचं डोकं टाकीच्या तोंडाखाली जात होतं.

तिने स्वतःचं नाव घातलं.

“परत हाक मार,” ती म्हणाली.

कुंदनने मारली. मग पुन्हा मारली. टाकी गप्प होती. मिथुन शिडीवर थोडा वेळ कान देऊन उभा राहिला, आणि वर आला.

संध्याकाळी बोनकोड्याच्या घरात तो आईला बोंबील तळायला सांगत होता. त्याचं हसू ऐकून स्नेहलला बरं वाटत होतं. पावणेसातला तिचा मोबाइल थरथरला. टाकी क्रमांक चार. हाक मारा.

ती आतल्या खोलीत गेली. दार लावून घेतलं. कोणत्या नावाने हाक मारायची ते तिला ठाऊक नव्हतं.

“आहेस का?” ती हळूच म्हणाली.

अंथरुणांच्या लोखंडी कपाटातून, आतल्या बाजूने, दोनदा ठोकल्याचा आवाज आला.

स्नेहलने ‘आत आहे’ दाबलं.