चोरबटण

गाडी आदल्या दिवशीच मिस्त्रीकडून तेल बदलून, धुऊन-पुसून आली होती. ऐन वेळी कुठे अडायला नको, म्हणूनच काकूंनी तो खटाटोप केला होता. सुनेचे दिवस भरले होते, बाळ पायाळू होतं. डॉक्टरीणबाईंनी बजावून ठेवलं होतं, की कळा सुरू झाल्या की घरी वाट बघत बसायचं नाही, तडक निघायचं. उशीर बाळाला सोसणार नाही. मुलगा बोटीवर नोकरीला. घर गावाबाहेरच्या रस्त्यावरचं शेवटचं. तेव्हा सगळी भिस्त त्या गाडीवर. काकूंच्या यजमानांनी ती कुणाकडून तरी जुनीच घेतली होती. लाडाने तिला ‘म्हातारी’ म्हणायचे. ते गेले, म्हातारी मागे राहिली. थंडीत जरा खोकायची, पण अडायची नाही.

काकूंचं आणखी एक होतं. सुनेला सातवा लागला तेव्हा त्यांनी व्रत धरलं होतं. सकाळी देवापुढे दिवा लावायचा आणि तो आपला आपण शांत होईपर्यंत तोंडातून अक्षर काढायचं नाही. सून चेष्टा करायची. “आई, हे व्रत बाळासाठी आहे, की माझ्या कानांना विश्रांती म्हणून?” काकूही हसायच्या, पण गालातल्या गालात.

त्या सकाळी बाहेर दाट धुकं होतं. उजाडलं होतं खरं, पण उजेड कसा शिळा, राखेसारखा. काकूंनी नुकताच दिवा लावला आणि आतून हाक आली.

“आई... सुरू झालं वाटतं.”

काकूंनी दिव्याकडे पाहिलं. तेलाने काठोकाठ भरलेला. ज्या जिवासाठी इतके दिवस तोंड मिटून धरलं, त्याच्यासाठी ते आज, नेमकं आजच मोडायचं? जीव होईना. त्यांनी हात जोडले, बांधून ठेवलेली पिशवी उचलली आणि सुनेला धरून शेडमध्ये आणलं.

शेडमध्ये नव्या तेलाचा आणि शॅम्पूचा वास कोंडला होता. सुनेला मागच्या सीटवर आडवं टेकवून, पाठीशी दोन उशा देऊन काकू पुढे बसल्या आणि किल्ली फिरवली.

घर्र घर्र घर्र घर्र.

इंजिन फिरत होतं, पण पेट घेत नव्हतं. काकूंनी चोक ओढला, पुन्हा फिरवली. घर्र घर्र. पुन्हा एकदा. म्हातारीने हूं की चूं केलं नाही.

“कालच तर सर्व्हिसिंग झालं ना!” सून मागून म्हणाली. तिने अँब्युलन्सला फोन लावला. निघतो म्हणाले, पण धुक्यात समोरचं दिसत नाही, किती वेळ लागेल सांगता येत नाही. टॅक्सीवाल्याने फोनच उचलला नाही. मग तिने काकूंच्या फोनवरून मिस्त्रीला लावला आणि काकूंना ऐकू यावं म्हणून स्पीकर सुरू केला.

“बोला काकू,” मिस्त्री म्हणाला. झोपेतून उठल्यासारखा आवाज.

“काकू बोलत नाहीत. मी त्यांची सून.”

“का, रागावल्यात? काय झालं गाडीला?”

“रागावल्या नाहीत हो, त्यांचं मौन आहे. गाडी सुरू होत नाहीये आणि मला कळा येतायत.”

 मिस्त्री एकदम खडबडून जागा झाला. “अरे देवा. बरं, ताई, घाबरायचं नाही. मी निघतोच आहे, पण मला यायला वेळ लागेल. तोवर मी विचारतो तसं बघा. दिवे लावा. फिके आहेत की लख्ख?”

काकूंनी दिवे लावले. समोरच्या भिंतीवर दोन पिवळे गोल पडले.

“लख्ख आहेत,” सून म्हणाली.

“मग बॅटरी ठीक. पेट्रोलचा वास येतो का?”

काकूंनी मान हलवली.

“येतो म्हणतायत.”

“म्हणतायत? मौन आहे ना?”

“अहो, मानेने म्हणतायत!” सून हसली आणि हसता हसता कण्हली.

“म्हणजे पेट्रोल पोचतंय, करंट पोचत नाही. काल प्लग बदललेत मी. बॉनेट उघडून मधली जाड काळी वायर दाबून बघायला सांगा. सैल राहिली असेल तर चूक माझी.”

काकू उतरल्या. बॉनेट उचललं, वायर शोधली, अंगठ्याने जोर देऊन दाबली. ती घट्ट होती. बाकीच्याही एकेक करून दाबल्या, सगळ्या घट्ट. हात काळे करून त्या परत सीटवर बसल्या. तेव्हा त्यांच्या लक्षात आलं, की शेजारच्या रिकाम्या सीटसमोर काचेवर वाफ धरली होती. त्यांच्या स्वतःच्या समोरची काच स्वच्छ होती.

किल्ली फिरवली. घर्र घर्र.

“नाही होत,” सून म्हणाली. आता तिचा आवाज बारीक झाला होता. “आई, बोला ना हो काहीतरी. देव नाही रागावणार.”

काकूंनी मागे हात नेऊन तिचा गुडघा घट्ट धरला. ओठ मात्र मिटलेलेच. आत नाव चाललं होतं, सारखं, श्वासाबरोबर.

“हॅलो?” मिस्त्री म्हणाला. “जरा एकेकाने बोला. सगळे एकदम बोललात तर मला काही कळत नाही.”

सून गप्प झाली. शेडच्या पत्र्यावरून धुक्याचं पाणी टपकत होतं, तेवढाच काय तो आवाज.

“हां, आता बोला काका... काय? बटण? कुठे म्हणालात?” मिस्त्री थांबला. ऐकत असल्यासारखा. “अरे हो की! काल मी आतून सफाई केली, तेव्हा मॅट उचललं होतं. धक्का लागला असणार. ताई, काका सांगतायत ते बरोबर आहे. पायाशी, डाव्या बाजूला, मॅटच्या खाली चोरबटण आहे. चोराला गाडी नेता येऊ नये म्हणून बसवतात तसं. ते वर करा.”

सुनेने काकूंकडे पाहिलं. काकूंनी सुनेकडे. शेडमध्ये तिसरं कुणी नव्हतं.

“कोण... काका?” सून अगदी हळू म्हणाली.

“आता ते नंतर सांगा ताई, आधी बटण!”

 काकूंनी वाकून मॅट उचललं. इतकी वर्षं गाडी चालवली, पण तिथे काही आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं. बोटांना एक छोटीशी खुंटी लागली. वर केली. बारीक ‘टिक’ झालं.

किल्ली फिरवली आणि म्हातारी एका दमात सुरू झाली.

काकूंच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. जाताना सबंध रस्ता त्यांना वाटत होतं, शेजारच्या सीटवर आपलं माणूस बसलं आहे. धुक्यात रस्ता हातभर दिसायचा, पण भीती म्हणून वाटली नाही. एकदा तर ओठांवर हाक आलीही होती. त्यांनी ती गिळली.

ऑपरेशन करावं लागलं. नाळेचा वेढा बसला होता; अजून थोडा उशीर झाला असता तर कठीण होतं, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. दाराबाहेर बाकावर बसलेल्या काकूंना बाळाचं रडणं ऐकू आलं. घरचा दिवा एव्हाना शांत झाला असेल की नाही, कुणास ठाऊक. पण त्यांनी बोलायला तोंड उघडलं आणि पहिला शब्द आला, तो “आलं गं बाई!” हाच.

घरी सोडायच्या दिवशी मिस्त्री स्वतःहून दवाखान्यात आला, गाडी एकदा नजरेखालून घालायला. बाळ-बाळंतीण मागे बसली होती. काकूंनी त्याला जरा बाजूला घेतलं. त्या दिवसापासून एकच गोष्ट त्यांच्या मनात घोळत होती, आणि ती विचारताना त्यांचा चेहरा नव्या नवरीसारखा झाला होता.

“त्या दिवशी फोनवर... काकांचा आवाज कसा होता रे? जरा घोगरा होता का?”

मिस्त्रीने हात पुसता पुसता आठवून पाहिलं.

“एकाचा होता घोगरा. जो बटणाचं सांगत होता त्याचा.”

“एकाचा म्हणजे?”

“दोघं होते ना, काकू. तुमचे पाहुणे असतील असं वाटलं मला. दुसरा मधे मधे बोलत होता, म्हणून तर नीट ऐकू येईना. मला जरा रागच आला त्याचा.” तो घुटमळला. “सारखं एकच म्हणत होता... नको सांगूस. राहू दे तिला इथेच.”

काकू तडक वळल्या. गाडीकडे गेल्या, दार उघडलं आणि बाळाला दुपट्यासकट उचलून घेतलं.

“आई, काय झालं?”

“काही नाही गं. उतर हळू. आपण टॅक्सीने जाऊ. गाडी मिस्त्री घेऊन जाईल, ती आता आपल्याला नको.”

टॅक्सीत सून डोळे मिटून पडली. बाळ काकूंच्या मांडीवर गाढ झोपलं होतं, मूठ तोंडाशी धरून. बाहेर स्वच्छ ऊन होतं, माणसं आपापल्या कामाला चालली होती. काकूंना जरा हलकं वाटलं. गाडी गॅरेजला नीट पोचली का, हे विचारायला त्यांनी मिस्त्रीला फोन लावला.

“पोचलो काकू. मस्त चालली. वाटेत कुरकुर नाही की काही नाही...” तो बोलता बोलता थांबला. “काकू, टॅक्सीत तुमच्याबरोबर कोण आहे?”

“कोण असणार? आम्हीच.”

“नाही, म्हणजे... आज एकच ऐकू येतोय.”

काकूंनी बाळाला छातीशी ओढलं. समोरच्या आरशात ड्रायव्हरचा चेहरा दिसत होता. ओठ मिटलेले, नजर रस्त्यावर.

“कोणता?” त्यांनी विचारलं. “घोगरा, की...”

पलीकडे मिस्त्री बराच वेळ कान देऊन ऐकत राहिला.

“कळत नाही, काकू,” तो शेवटी म्हणाला. “बोलत नाहीये काही... नुसता हसतोय.”