बैलानं चरलेली बाग

"अवो, बैल सुटला ना तुमचा!"

शहादेवनं वळून पाहिलं. बैल कुठला, त्याला आधी दिसली ती परसाच्या दारात पदर खोचून उभी राहिलेली केशर... तिलाच पाहायला तो वडवणीहून लिंबागणेशला आला होता. निजामाच्या राज्यातले ते दिवस. बैलगाडीनं मुक्काम करत यावं लागे. श्रावणात सोयरिकीचं बोलत नाहीत, म्हणून चुलत्यांनी गणपतीच्या दर्शनाचं निमित्त काढलं होतं.

बैलाला निमित्त लागत नाही. शहादेव वाढला किराणा दुकानात. दावं त्यानं पुडी बांधायच्या गाठीनं बांधलं होतं! केशरनं माळावरून मुळासकट आणून लावलेलं पवना गवत, त्यातली पांढरी मुसळी, कडेची निळी गोकर्ण – बैलानं सगळं जमिनीलगत साफ केलं.

"गवतच तर हाय..." शहादेव पुटपुटला. झालं, आगीत तेल पडलं.

"गवत? बरं! हितं परत फूल आलं तर माझा होकार. न्हाई तर न्हाई."

चुलत्यांनी घरी बजावलं, "दसऱ्यापर्यंत वाट बघतो. मग दिंद्रुडची पोरगी सांगून आलीय, त्या सोयऱ्यांना हो म्हणतो."

शहादेवची झोप उडाली. मीठ मागणाऱ्याला तो साखर बांधून देऊ लागला. भादव्यातल्या चतुर्थीला गेला, तर देव राहिला देवळात आणि हा कुंपणाशी. आत नुसती खुंटं! पोरगी हातची चालली, या विचारानं त्याचा जीव कासावीस झाला.

नवरात्रात तो पुन्हा गेला. कुंपणाकडे बघायचा धीर होईना. खाली मान घालून तो सोबत आणलेलं झेंडूचं रोप खोचू लागला.

"हे काय?" केशर मागेच उभी.

"फूल... तुमीच म्हणालता."

ती खळखळून हसली. "झेंडू दिवाळीपुरता. माझी झाडं मुळानं जगत्यात, दर साली येत्यात. वर बघा की!"

कुंपणावर गोकर्णीची निळी फुलं डोलत होती.

"बैलानं खाल्लं की दुप्पट फुटतं. ठावं होतं मला."

"म्हंजी... त्याच दिवशी होकार? मग मला कशापायी तळमळत ठेवलं?"

"गवत म्हणालता ना!" ती लाजली, पण नजर हटवली नाही. "झेंडू द्या, दारात लावते. आन चुलत्यांना धाडा... बैल मोकळाच आणा म्हणावं."