मागे नेलेली तारीख

त्या दुपारी मी मामीकडे गेले ते अगदी साधं काम घेऊन. खिशात नखाएवढं मेमरी कार्ड, कार्डात एक अ‍ॅप, आणि ते अ‍ॅप तिच्या बटणांच्या फोनमध्ये घालायचं. अर्ध्या तासाचं काम. तो दिवा मालवू नका, पुढे काय झालं ते सांगते.

मामीचं घर तळ्याकडे उतरणाऱ्या गल्लीतलं शेवटचं. थंडीच्या दिवसांत तिथे दुपारीसुद्धा धुकं हटत नाही. तळ्यावरून उठतं, गल्लीत शिरतं आणि तिच्या खिडकीच्या गजांना टेकून उभं राहतं. मामा जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगी, म्हणजे माझी मामेबहीण, जिला मी लहानपणापासून ताई म्हणते, ती दूरदेशी म्हाताऱ्या माणसांच्या एका निवासात कामाला होती. घरात मामी, तिची इस्त्री आणि तो फोन.

"आल्या वकीलबाई," मामीनं दार उघडलं. मी सगळ्याच गोष्टींवर वाद घालते म्हणून घरात माझं हे नाव. "आज कुणाचा खटला?"

"तुझाच. दे तो फोन."

मामी मुळातली इस्पितळाच्या धुलाईघरातली. पस्तीसेक वर्षं तिनं गरम चादरींच्या घड्या घातल्या, आणि त्यात तिच्या बोटांची टोकं पार गुळगुळीत झाली. काचेच्या पडद्याचा फोन घेऊन दिला होता तिला. तिचं बोट लागलं तरी त्या काचेला कळायचंच नाही. "मी मेले की काय गं?" ती हसून म्हणायची, "भूत असल्यासारखी करते ही काच." मला मात्र हसू यायचं नाही. जन्मभर राबलेल्या बोटांना जे यंत्र ओळखत नाही, त्या यंत्राची लाज कंपनीला वाटायला हवी, मामीला नव्हे. कॉलेज संपल्यावर आम्ही काही मित्रमैत्रिणींनी वाचनालयाच्या कोपऱ्यात एक टेबल मांडलं होतं ते याच रागातून. बटणांचे फोन कंपन्यांनी वाऱ्यावर सोडले होते. आम्ही त्यात हौशी लोकांनी बनवलेली निरोपांची अ‍ॅप्स घालून द्यायचो. जगानं ज्यांना गाडीतून उतरवलं, त्यांना पुन्हा चढवायचं, एवढंच आमचं तत्त्वज्ञान.

मामीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट होती. ताई गेली ती भांडून. ती निघाली तेव्हा मामी आत इस्त्री करत राहिली, दारापर्यंतसुद्धा आली नाही. त्यानंतर दोघी फोनवर बोलायच्या ते सणकीत. कशी आहेस, बरी आहे, आणि तिसऱ्या वाक्याला ठिणगी. लिहून मात्र जमेल, असं मला मनापासून वाटत होतं. लिहिताना माणूस थांबतो. ताईही तयार झाली होती. म्हणाली, "आईच्या फोनमध्ये ते चालू करून दे. मी लिहीन. काय लिहीन माहीत नाही, पण लिहीन."

अ‍ॅप फोनमध्ये गेलं, उघडलं आणि अडलं. प्रमाणपत्राची मुदत संपली, असं सांगून बंद पडलं. म्हणजे असं बघा, अशा अ‍ॅपला पलीकडच्या दारावर दाखवायला एक पास दिलेला असतो. जुन्या अ‍ॅपचा पास जुना. फोन त्यावरची तारीख आपल्या कॅलेंडरशी ताडून पाहतो आणि नाही म्हणतो. नवा पास बनवता येतो, पण त्याला एखादा आठवडा लागला असता, आणि थांबणं माझ्या स्वभावात नाही. आम्हा टेबलवाल्यांची एक चोरवाट होती. फोनचं कॅलेंडरच मागे न्यायचं. पास ज्या वर्षी चालू होता ते वर्ष फोनला सांगायचं. बिचारा विश्वास ठेवतो.

मी तारीख मागे नेली. वर्षं सरकत गेली, अंगठा थांबला. ताई घर सोडून गेली तेच वर्ष होतं, हे मला तेव्हा जाणवलंसुद्धा नाही.

अ‍ॅप उघडलं. क्षणभर खोलीतला आवाज कुणीतरी काढून घेतल्यासारखं झालं. तळ्यावरची पाणकोंबडी गप्प झाली, इस्त्रीची वाफ थांबली. मग फोन थरथरला.

"आई, पोचले."

मामीनं चष्मा चढवला. तिचे ओठ हलले. "जेवलीस का?" तिनं एकेक बटण शोधत लिहिलं. उत्तर लगेच आलं. "हो. माझा चमचा घरीच राहिला. इथल्या खिडकीतून पाणी दिसतं, आपल्यासारखं."

मला वाटलं, पलीकडे अडकून पडलेले ताईचे निरोप आता सुटले असतील. चमच्याचं उत्तर योगायोग. मामीच्या चेहऱ्यावर जे उमटलं होतं ते पाहून मी जास्त खोलात गेले नाही. आपलं तत्त्वज्ञान जिंकलं, या आनंदात घरी आले.

दुसऱ्या दिवशी मी ताईला फोन केला. "बरं झालं लिहिलंस. मामी किती खूश झाली!"

"मी?" ताई म्हणाली. "अगं, मी अजून काहीच पाठवलं नाही. चार वेळा लिहिलं आणि पुसलं."

"पोचले म्हणून लिहिलंस ना? चमचा राहिला म्हणून?"

ती हळूच म्हणाली, "वकील... पहिल्या वर्षी मी जिथे राहायचे, त्या खोलीला खिडकी होती का गं? सकाळपासून आठवायचा प्रयत्न करतेय. भिंती आठवतात. खिडकीच्या जागी नुसतंच... काही नाही."

"असेल दमलीस तू."

"असेन," ती म्हणाली.

त्या आठवड्यात टेबलावर गर्दी होती. मामीकडे जाणं झालं नाही. ताईचे फोन मात्र येत राहिले. आधी खिडकी गेली होती. मग पहिली मैत्रीण गेली. फोटोत शेजारी उभी असलेली बाई कोण, ते तिला सांगता येईना. मग कामाचा पहिला दिवस गेला. ती घाबरलेली नव्हती, हेच मला जास्त लागलं. गुंगीत असल्यासारखी बोलायची. "दुखत नाही काही. कपाटातून कुणीतरी एकेक घडी उचलून नेतंय, असं वाटतं. अगदी हलक्या हातानं."

मी मामीकडे पळाले.

दुपारच होती, पण धुकं इतकं उतरलं होतं की गल्लीत माझीच पावलं मला मागून ऐकू येत होती. दारापाशीच गरम कापडाचा वास आला. आत दोरीवर, खुर्चीवर, पलंगावर ताईचे जुने कपडे, सगळे कडक इस्त्रीचे. मामी दहा वर्षांनी तरुण दिसत होती. फोन तिच्या पदराला बांधलेला होता.

"बस," ती कुजबुजली. "वाच. किती बोलते बघ आता."

मी वाचलं. मामीनं विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला उत्तर होतं. खिडकीचं होतं, मैत्रिणीचं होतं, कामाच्या पहिल्या दिवसाचं होतं. एका आजोबांनी तिला हाक मारली ती त्यांच्या बहिणीच्या नावानं, आणि ती तशीच हो म्हणाली, असलं सगळं. ताईच्या डोक्यातून जे जे गेलं होतं, ते ते इथे आलं होतं. ओळीनं.

"मामी, तारीख नीट करू दे मला. आत्ता."

"तारखेला हात लावू नकोस." तिनं पदर मुठीत घट्ट धरला.

"अगं, तुला येतंय ते तिचं जातंय! तुझी खरी मुलगी तिकडे रिकामी होतेय. मी रोज बोलते तिच्याशी."

"तू बोलतेस." मामी शांतपणे म्हणाली. "माझ्याशी नाही बोलत ती. ही बोलते."

मला राग आला, आणि त्या रागाखाली भीती. "तीच ताई आहे, मामी. वेगळी नाही. भांडते, रुसते, पण आहे. जिवंत माणसाशी भांडावं लागतं. त्याला पर्याय नसतो."

"भाषण ठोकू नकोस, वकीलबाई. तुला मूल नाही." मग तिचा आवाज खाली आला. "ती निघाली तेव्हा मी दारात गेले नव्हते. ठाऊक आहे ना? इस्त्री हातात होती. वाटलं, वळेल, परत आत येईल. एकदा तरी म्हणायला हवं होतं, नको जाऊस म्हणून..."

"मग आता म्हण. तिला फोन लावते. थेट म्हण."

"म्हटलं," मामी म्हणाली. "काल लिहिलं मी. परत ये म्हणून."

भिंतीवरचं घड्याळ टिकटिकत होतं. बाहेर धुक्यात कुठेतरी पाणी काठाला लागत होतं, पुन्हापुन्हा.

"मग?"

"येते म्हणाली."

मी तिच्या पदराची गाठ सोडली. तिनं अडवलं नाही. तिच्या त्या गुळगुळीत बोटांनी माझ्या मनगटाला नुसता स्पर्श केला आणि सोडून दिला. मी तारीख पुढे आणली. वर्षं सरकत आली, आजची तारीख लागली. मी अ‍ॅप उघडलं. मुदत संपली, असं सांगून ते मुकाट बंद पडलं. मी मोठा श्वास घेतला. इतकं सोपं होतं. यंत्राला खरं सांगितलं की यंत्र थांबतं.

"संपलं," मी म्हणाले. "नवा पास बनवते मी. खऱ्या तारखेचा. मग खऱ्या ताईशी बोल, मी बसते शेजारी."

मामी माझ्याकडे बघत होती, उशिरा आलेल्या पाहुण्याकडे बघावं तशी. रागानं नव्हे, थोड्या कीवेनं.

"हळू बोल," ती म्हणाली. "दमून आलीये. आंघोळ करतेय."

तेव्हा मला ते ऐकू आलं. काठाला लागणारं पाणी तळ्याचं नव्हतंच. मागच्या न्हाणीघरात कुणीतरी तांब्यातांब्यानं अंगावर पाणी घेत होतं. मध्ये थांबत होतं. गुणगुणत होतं. न्हाणीच्या बंद दाराखालून वाफ येत होती, आणि तिला साबणाचा वास होता.

"मामी... कोण आहे आत?"

मामीनं दोरीवरचा इस्त्रीचा टॉवेल काढला, गालाला लावून ऊब पाहिली, आणि ती न्हाणीच्या दाराशी जाऊन उभी राहिली. दारात. या वेळी वेळेवर.

माझा फोन वाजला. ताईचा नंबर. जीव भांड्यात पडला माझा. ती तिकडे होती, म्हणजे आत ती नव्हती. मी घाईनं फोन कानाला लावला.

"ताई! कुठे आहेस तू?"

पलीकडून एक बाई बोलली, फार सभ्यपणे, अनोळखी माणसाशी बोलावं तसं.

"माफ करा हं. या फोनमध्ये तुमचा नंबर आहे. 'वकील' असं लिहिलंय. रोज तुम्हालाच लावलेला दिसतोय. तुम्ही माझ्या वकील आहात का?"

"ताई, मी आहे. मामेबहीण तुझी... तू माझी..." मला माझीच नाती जुळवता येईनात.

"इथले लोक म्हणतात, मी इथेच काम करते," ती म्हणाली. "असेल. चांगले आहेत लोक. पण मला विचारायचं होतं... मला कुणी आहे का?"

आतलं पाणी थांबलं.

"आई, टॉवेल दे ना!" न्हाणीतून हाक आली. कोवळी, खणखणीत, घर सोडून गेली तेव्हाची. मामीनं दाराच्या फटीतून टॉवेल आत सरकवला. तिचे डोळे भरून वाहत होते.

फोनमधली बाई श्वास ओढून म्हणाली, "आत्ता कोण बोललं? तो आवाज... तो आवाज ओळखीचा आहे माझ्या. कुणाचा आहे तो? सांगा ना."

कडी निघाली. वाफ खोलीत पसरली, खिडकीबाहेरच्या धुक्यात मिसळून गेली, आणि तिच्यातून ताई बाहेर आली. ओले केस, इस्त्रीचे कपडे, डोळ्यांखाली एकही रेघ नाही. ती आता माझ्याहून लहान होती. तिनं मामीच्या खांद्यावर हनुवटी टेकवली आणि माझ्याकडे पाहून ओळखीचं हसली. मग तिचं लक्ष माझ्या कानाला लावलेल्या फोनकडे गेलं, आणि तिनं ओला हात पुढे केला.

"माझ्यासाठी आहे ना तो फोन? दे इकडे," ती म्हणाली. "तिच्याकडे एवढंच राहिलंय."