भिंतीपलीकडचं आव्हिन्यों

दुपारी मी तुरीची डाळ निवडत बसले होते. पुढच्या महिन्यात मलाही आव्हिन्योंला जायचं, म्हणून यांनी व्हिडिओ कॉलवरच शहर दाखवायला घेतलं होतं. हे म्हणजे सर्वेश. चार वर्षं इथंच लातुरात कोचिंगला शिकवलं, आता तिथं, फ्रान्सच्या दक्षिण भागात, संशोधन करतात. शिकवायची सवय मात्र सुटलेली नाही.

"हा ऱ्होन नदीवरचा पूल. बावीस कमानी होत्या. पुरात वाहून गेल्या, चार उरल्या. तो पोपांचा राजवाडा. अन् ही माझी खोली, सगळी दगडी. लिहून घेतेस ना?"

"परीक्षेला आहे का?"

शेजारी पार्वतीकाकू बसल्या होत्या, यांच्या चुलती. त्र्याण्णवच्या भूकंपात त्या दीड दिवस ढिगाऱ्याखाली होत्या. शोधणारे दगडावर तीन ठोके द्यायचे आणि श्वास रोखून ऐकायचे. आतल्यानं तीन ठोके परत द्यायचे. काकू तशाच सापडल्या.

खोलीची भिंत दिसली आणि त्यांनी माझं मनगट धरलं.

"गप बस..."

लाइट गेल्यानं समोरच्या कोचिंग क्लासचा एरवी सतत चालणारा माइक बंद होता. फोनमधून आवाज आला. ठक. ठक. ठक. मग शांतता... कुणीतरी कान लावून बसल्यासारखी.

"बाहेर हो, लेकरा."

"काकू, सातशे वर्षांची भिंत आहे. शेजारी कुणी खिळा ठोकत असेल."

"खिळा ठोकणारा थांबून ऐकत न्हाई."

"अहो, निघा. आत्ताच्या आत्ता!" मी ओरडले. लग्नाला दोन महिने झाले होते. माझा आवाज एवढा मोठा आहे हे त्यांना आणि मला एकदमच कळलं. फोन टेबलावर उभा ठेवून ते हसत गेले. दार लागलं.

रिकामी खोली दिसत राहिली. भर मे महिन्यात आमच्या घरात ओल्या मातीचा वास यायला लागला.

पुन्हा तीन ठोके. या वेळी भिंतीच्या आतून कुणीतरी उत्तर दिलं. तीनच.

"काकू... मी इथं आहे... आत..."

तोंडात माती गेल्यासारखा आवाज. पण यांचाच.

तेवढ्यात फडताळावर ठेवलेला सासूबाईंचा फोन वाजला. परदेशी नंबर. मी उचलला.

"अगं, पुलाजवळ आलोय. एकाचा फोन मागून घेतला. झालं का काकूंचं समाधान?"

मोकळा, हसरा. हाही यांचाच.

माझ्या दोन हातांत दोन फोन. काकूंनी डोळे मिटले. आधी एकाला कान लावला, मग दुसऱ्याला. बराच वेळ. मग एक फोन माझ्या हातातून काढून घेतला आणि बंद केला.

पुलाजवळचा.