शंभर एलियनांचा डावा डोळा

कापूरहोळच्या फाट्यावर एका टेम्पोनं असा ब्रेक मारला, की मागचं खोकं उघडून एक हिरवा एलियन थेट शेफालीच्या ओंजळीत येऊन पडला. खोटं वाटत असेल तर तिथल्या कुठल्याही ढाब्यावर विचारा. कुणी नाही म्हणालाच, तर तो त्या दिवशी रजेवर होता असं समजा.

"ओ टेम्पोवाले, तुमचं पोरगं पडलं की!"

टेम्पोवाला ज्ञानू खाली उतरला. "माझं कुठलं? परग्रहावरचं हाय ते. पुण्याच्या दुकानाला असले शंभर बाहुले द्यायचेत. पण डोळेच न्हाईत अजून… रंगवणारा लग्नाला गेला तो आलाच न्हाई."

तो हसला, आणि त्याचा डावा डोळा उगाच बारीक झाला. शेफालीची भोरची एसटी आली, थांबली, निघूनही गेली.

"डोळे मी काढते," ती म्हणाली.

भोरला तिच्या वडिलांचा, धनाजीअण्णांचा, गणपतीचा कारखाना. सहा वर्षं शेफालीनं मुकुट रंगवले, पीतांबर रंगवले; पण आखणी — म्हणजे मूर्तीचे डोळे — अण्णा कुणाच्या हाती देत नसत. ज्ञानूनं अंगणात उतरवलेल्या खोक्यांकडं त्यांनी पाहिलं.

"हे शंभर साधले तर यंदा बाप्पाचे डोळे तुझे. न्हाई साधले, तर पुन्हा विचारायचं न्हाई. कधीच."

शेफालीनं ओढणी कमरेला खोचली.

आठ दिवस ज्ञानू रोज यायचा. कधी कैऱ्या घेऊन, कधी नुसताच.

"आज काय काम काढलंत?"

"माल तपासायला आलोय."

"कालच तपासलात."

"काल ह्याला डोळे नव्हते… आता बघतोय माझ्याकडं."

"तो बघतोय. मी न्हाई."

"तुमी बघाल तवा सांगा. तोवर बसतो."

ती मान वर करायची नाही. पण ब्रश क्षणभर हवेतच थांबायचा…

नवव्या दिवशी अण्णांनी चष्मा लावला. रांगेवरून पुढं गेले, मागं आले, पुन्हा पुढं गेले.

"सगळ्यांचा डावा डोळा बारीक कसा गं?"

चहा घेऊन आलेल्या अंबूआत्या थबकल्या. "अगं बया! हे तर शंभर टेम्पोवाले!"

दारात उभा असलेला ज्ञानू कानापर्यंत लाल झाला. शेफालीनं नीट पाहिलं — खरंच की! तिच्या हातानं तिला न विचारताच सगळं सांगून टाकलं होतं.

अण्णांनी थिनरचं फडकं पुढं केलं. "पूस. दुसरे काढ. मंग बाप्पाचं बघू."

तिनं फडकं घेतलं, एका डोळ्यापाशी नेलं… आणि खाली ठेवलं.

"न्हाई पुसणार, अण्णा. चूक असती तर पुसली असती."

"आखणी जाईल हातची."

"जाऊ दे. पण खोटे डोळे न्हाई काढणार." ती दाराकडं वळली. "अहो, हसा की जरा… ताडून बघू दे अण्णांना."

ज्ञानू हसला. अण्णांनी एक एलियन उचलून त्याच्या गालाशी धरला. रेघ न रेघ तीच! मग खिशातला आपला बारीक ब्रश काढून त्यांनी लेकीच्या हातात दिला.

"हात पक्का हाय तुझा. पण बाप्पाला बाप्पाचेच डोळे काढायचे. कबूल?"

"कबूल."

"आणि… माझं?" ज्ञानूनं हळूच विचारलं.

"तुमचं काय! उद्या घरच्यांना घेऊन या," शेफाली म्हणाली, आणि या खेपेला मान वर करून, नीट त्याच्याकडं बघत म्हणाली.

"उद्या कशाला?" अण्णा चहा फुंकत पुटपुटले. "शंभर वऱ्हाडी आधीच आणून बसवलेत की ह्यानं!"