बदली माणसाची वही

"सोमवारी माझा व्हिसा कॅन्सल होणार, बाई," तय्यब परकार म्हणाला. "दोन महिने मी ज्या खुर्चीत बसलो, तिच्यात मी बसलोच नव्हतो म्हणे!"

जानेवारी २०००. ईद होऊन आठवडा झाला होता. अल कुसैसमधल्या त्या छोट्या ऑफिसवर पाटी टायपिंग सेंटरची होती. पण सुनेत्रा गुर्जर यांच्याकडे लोक अर्जांपेक्षा अडचणीच जास्त घेऊन येत. पूर्वी त्या ऑडिटर होत्या. खोटा कागद त्यांना वासानेच कळतो, असं त्यांचा सहकारी उझैर मुकादम सगळ्यांना सांगत असे.

"सुरुवातीपासून सांगा," सुनेत्राबाई म्हणाल्या.

तय्यब रास अल खैमाच्या एका टाइल्स कारखान्यात, माल पाठवायच्या यार्डात होता. कंपनी काढणारा इंग्रज आधी कुठल्याशा वसाहतीत अधिकारी होता आणि तिथला नियम त्याने इथेही लावला होता. अधिकारी लांब रजेवर गेला की त्याला अर्धा पगार, आणि उरलेला अर्धा त्याच्या जागी बसणाऱ्याला. बदली माणसाने एका वेगळ्या वहीत रोज येण्या-जाण्याची वेळ लिहून सही करायची.

"अठ्ठ्याण्णवच्या एक डिसेंबरपासून दोन महिने यार्डप्रमुख गुणवंतसाहेब रजेवर होते. त्यांच्या जागी मी बसलो. नंतर कंपनी विकली गेली, पैसे अडकले. आता नवे डायरेक्टर जुने हिशोब मिटवतायत. सहा हजार दिरहम, म्हणजे आपले सत्तर हजार रुपये. पण वहीत माझ्या जागी आमच्या कारकुनाच्या, नीरवच्या सह्या आहेत म्हणतात! मला वही दाखवलीसुद्धा नाही. वर खोटा क्लेम केला म्हणून नोकरीवरून काढतायत. आमची इन्शा नववीत आहे, बाई. मधेच शाळा सोडून तिला कुठे नेऊ?"

"तेव्हाचे ड्रायव्हर साक्ष देतील ना?"

"कॉन्ट्रॅक्ट संपून गेले सगळे."

सुनेत्राबाईंनी पर्स उचलली. "उझैर, गाडी काढ."

वाटेत उझैरने एक पेट्रोल पंप दाखवला. "ताई, गेल्या रमजानचा, म्हणजे अठ्ठ्याण्णवचा, पहिला रोजा मी इथे सोडला. वीस डिसेंबर. टायर पंक्चर, आणि हातात एकच खजूर!"

"तारीख पक्की?"

"पहिला रोजा कोण विसरतं?"

डायरेक्टर अजीजसाहेब गेल्या वर्षी वसंतात बहारीनहून आलेले. कारखान्याच्या वरच्या मजल्यावर, आपल्या ऑफिसात त्यांनी वही पुढे ठेवली. "देखिए, मॅडम. दुपारपर्यंत टाइम आहे."

बाईंनी एकेक पान उलटलं. प्रत्येक ओळीत नीरवची सही. आठ डिसेंबरपर्यंत जाण्याची वेळ ५-३०. नऊ डिसेंबरपासून ३-००. आठ जानेवारीपासून पुन्हा ५-३०.

मग त्यांनी तिघांना एकेक करून बोलावलं. दुपारी कधी मोकळे असाल ते कागदावर लिहा, असं प्रत्येकाला सांगितलं.

कार्यालय-अधीक्षक मुरलीधर यांनी ४.३० लिहिलं. "तेव्हा मी शहरातल्या ऑफिसात बसायचो. यार्डात कोण बसलं ते मला माहीत नाही. वही बंद पाकिटात आली, तशीच मी कपाटात ठेवली. चावी माझ्याकडेच असते."

"कायम?"

"या डिसेंबरात मुलीच्या लग्नाला दहा दिवस गेलो होतो. तेव्हा गुणवंतसाहेब माझ्या जागी होते."

नीरव यार्डातला कारकून. त्याने ५:०० लिहिलं. "मीच बसलो होतो, मॅडम. रोज सही केली. दाजींनी... म्हणजे साहेबांनी जाताना तसं सांगितलं होतं."

"अजीजसाहेब म्हणाले, गुणवंत आता नव्या प्लांटवर जाणार. मग यार्डप्रमुख कोण?"

"ज्याने आधी जागा सांभाळली, तोच," नीरव चटकन म्हणाला.

गुणवंतने ४-३० लिहिलं आणि पेन खिशाला लावलं. "मी दोघांनाही सांगून गेलो होतो. कोण बसलं ते वहीत असेल. मी नाशिकला, मला काय ठाऊक?"

बाहेर येताच उझैर कुजबुजला, "ताई, चावी मुरलीधरकडे. त्यानेच केलंय."

"तू तर सकाळीच कोडं सोडवलंस, उझैर. चल, सगळ्यांना बोलाव."

सगळे जमले. तय्यब दाराशी उभा राहिला.

"ही वही अठ्ठ्याण्णवची नाही," सुनेत्राबाई म्हणाल्या. "महिन्याभरापूर्वी लिहिलेली आहे."

नीरवचा चेहरा उतरला.

"रमजानमध्ये इथे तीनला सुटी होते. वहीत नऊ डिसेंबरपासून तीनला सुटी आहे. पण रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येतो. नऊ डिसेंबरला तो आत्ता, नव्व्याण्णवमध्ये, सुरू झाला. गेल्या खेपेला वीस डिसेंबरला झाला होता. लिहिणाऱ्याने भिंतीवरचं आत्ताच्या रमजानचं कॅलेंडर बघून वेळा भरल्या."

उझैरने कपाळावर हात मारला.

मुरलीधर उठले आणि फाइल घेऊन आले. जुन्या परिपत्रकाची कार्बन कॉपी त्यांनी टेबलावर ठेवली. रमजानची वेळ, वीस डिसेंबरपासून.

"हे परिपत्रक मुरलीधरांनीच काढलं होतं," सुनेत्राबाई म्हणाल्या. " खोटी वही करताना त्यांनी आधी हेच पाहिलं असतं. ही चूक त्या रमजानमध्ये जो इथे नव्हताच, त्याची. तो नाशिकला होता. या डिसेंबरात कपाटाची चावीही त्याच्याकडे होती."

"सह्या नीरवच्या आहेत!" गुणवंत ओरडला.

"सह्या त्याच्या, वेळा तुमच्या. तिघांनीही मला वेळ लिहून दिली. एकाने टिंब दिलं, एकाने दोन टिंबं. मधे आडवी रेघ फक्त तुम्ही दिलीत. वहीत प्रत्येक वेळेत तीच रेघ आहे. आणि नीरव तुम्हाला दाजी म्हणतो. तुमची जागा मेहुण्याला द्यायची होती. त्यासाठी तय्यबची वही नाहीशी करणं भाग होतं."

नीरव रडवेला झाला. "मी नको म्हणत होतो, दाजी. त्याला मुलगी आहे म्हणालो होतो."

गुणवंतची नजर परिपत्रकावरच खिळली होती.

अजीजसाहेबांनी वही मिटली. "खलास. गुणवंत, नीरव, तुमची नोकरी संपली, पासपोर्ट सेक्शनमध्ये जा. तय्यब, तुमचे सहा हजार आजच मिळतील. और यार्ड आज से आपका."

तय्यबने बाईंपुढे हात जोडले आणि सगळ्यांसमोर डोळे पुसले.

इतक्यात खालून आरडाओरडा ऐकू आला. सही करायला कोणी नव्हतं म्हणून गेटवर अकरा ट्रक अडकले होते. "यल्ला, यल्ला! चला लवकर!" ड्रायव्हर ओरडत होते.

"अहो, जा ना!" सुनेत्राबाई हसल्या. "माल वाट बघतोय."

तय्यब दोन-दोन पायऱ्या उतरत खाली धावला. भर उन्हात, पहिल्या ट्रकच्या बॉनेटवर कागद ठेवून त्याने सही केली आणि खाली ठळक अक्षरांत लिहिलं: यार्डप्रमुख. ड्रायव्हरने ते वाचलं, मान बाहेर काढून मागच्यांना सांगितलं आणि हॉर्नवर हात दाबला. मग अकराही ट्रकांचे हॉर्न एकदम वाजू लागले.