मागचा डावा स्पीकर

गाडीच्या वायरिंगचं काम करणाऱ्याचं अर्धं आयुष्य उताणं जातं. पाय दाराबाहेर, पाठ सीटच्या कडेवर, डोकं स्टिअरिंगखाली. वरच्या जगात कोण आलं, कोण गेलं, त्याला काही दिसत नाही. त्या दुपारी वायरमन असाच पडला होता. चष्म्याच्या दुकानवाल्या चष्मेवाल्यांच्या गाडीचा मागचा डावा स्पीकर बंद पडला होता आणि तो का, ते त्याला शोधायचं होतं. काम क्षुल्लक होतं. चहा गार व्हायच्या आत आटपलं असतं.

वायरमन हे काही त्याचं नाव नव्हे, पण आता बायकोसुद्धा चिडली की "अहो वायरमन" म्हणायची. रस्त्याच्या कडेला त्याची पत्र्याची शेड होती. माणूस बोलघेवडा; गिऱ्हाईक गप्प असलं तर वायरींशी गप्पा मारायचा. स्पीकर तपासायची त्याची पद्धत जुनी आणि साधी होती. डॅशबोर्डमधला गाण्यांचा टेप बाहेर ओढायचा, मागची जोडणी सोडवायची आणि स्पीकरकडे जाणाऱ्या दोन वायरींची टोकं पेन्सिल सेलला टेकवायची. वायर आणि स्पीकर धड असतील तर मागे खट्ट असा बारीक आवाज होतो. पण पुढे डोकं खुपसलेल्याला तो नीट ऐकू येत नाही, म्हणून गिऱ्हाइकाला मागे बसवायचं. "वाजला का?" "वाजला." संपलं काम.

हा टेप त्यानेच बसवला होता. तो बसवला त्या दिवशी मागे चष्मेवाल्यांची मुलगी बसली होती. दुसरी-तिसरीतली, दोन वेण्यांची. शाळेत हजेरी द्यावी तशी ती ठणठणीत आवाजात ओरडायची, "वाजला, काका!" एकदा तर काहीच वाजलं नसताना ओरडली आणि मग खुदुखुदु हसत सुटली. "चावट कुठली!" वायरमन खालूनच म्हणाला होता. तेवढ्या एका दुपारीत त्याला त्या पोरीचा लळा लागला.

पुढे काही महिन्यांनी ती गेली. याच गाडीत, मागच्या सीटवर, दवाखान्यात नेता नेता. आई तर आधीच गेलेली. पोरीला काय झालं होतं ते कुणाला नीट कळलं नाही, आणि एकुलती एक लेक गमावलेल्या बापाला खोदून खोदून कोण विचारणार? चष्मेवाल्यांनी काही दिवसांनी दुकान उघडलं आणि पुन्हा लोकांच्या नाकावर चष्मे बसवू लागले.

म्हणून त्या दुपारी गाडी आली तेव्हा वायरमनने तोंडाला कुलूप लावलं. सवयीने एवढंच म्हणाला, "साहेब, मागे बसा आणि सांगा." आणि उताणा झाला. टोकं सेलला टेकवली.

"वाजला का?"

"वाजला, काका."

त्याने "बरं" म्हणून हात पुढच्या वायरीकडे नेला आणि तो तिथेच थांबला. तो ठणठणीत आवाज साहेबांचा नव्हता. गाडीत कसलातरी गोड वास सुटला होता, खोकल्याच्या औषधाच्या बाटलीचं झाकण उघडल्यासारखा. तो धडपडत बाहेर आला, कपाळ स्टिअरिंगवर आपटलं. मागची सीट रिकामी होती. चष्मेवाले बाहेर उन्हात उभे होते, दाराच्या काचेवर बोटं टेकवून, मान कलती करून. ऐकत होते.

वायरमनने मागचा स्पीकर उघडला, निसटलेली वायर खोचली आणि गाडी देऊन टाकली. रात्री जेवताना तो गप्प होता, तेव्हा बायकोने त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला.

पुढच्याच आठवड्यात गाडी परत आली. मागचा डावा स्पीकर. मग आणखी एकदा. दर वेळी तीच वायर निसटलेली, दर वेळी तोच ठणठणीत आवाज, "वाजला, काका," आणि तोच गोड वास. वायरमनच्या अंगावर काटा यायचा, तरी तो विचारायचा. कारण बाहेर उभ्या असलेल्या बापाचा चेहरा त्याला बघवायचा नाही. आपल्या एका प्रश्नाने एखाद्याला त्याची लेक घटकाभर ऐकू येत असेल, तर नाही कोणत्या तोंडाने म्हणायचं?

पण वायर आपोआप निसटत नव्हती. चौथ्या खेपेला त्याने स्पीकर उन्हात धरून पाहिला. वायरीच्या क्लिपशेजारी प्लॅस्टिकवर केसाएवढा ओरखडा होता. इतका बारीक पेचकस गॅरेजमध्ये कुणी वापरत नाही. तसल्या पेचकसाने चष्म्याच्या काड्या आवळतात.

"साहेब," तो हळूच म्हणाला, "ही वायर कुणीतरी काढतंय."

चष्मेवाले बराच वेळ रुमालाने स्वतःचा चष्मा पुसत राहिले.

"मीच काढतो. तुझ्याकडे यायला निमित्त हवं ना."

"अहो, पण असं कशाला..."

"मी रोज गाडीत बसतो. हाका मारतो, विनवण्या करतो. माझ्याशी एक अक्षर बोलत नाही ती. तू विचारलंस की लगेच बोलते."

वायरमनला भरून आलं. "साहेब, आता जाऊ द्या तिला. तिच्या जिवाला त्रास, तुमच्याही."

"जाऊ देईन. आज शेवटचं." चष्मेवाल्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "फक्त तिला एवढं विचार... गाडीतल्या त्या शेवटच्या दिवसाचं तिला काय काय आठवतं."

मागणी जरा विचित्रच होती. पण दुःखात माणूस काहीही मागतो, असं वायरमनने स्वतःला समजावलं आणि तो आत शिरला. पत्रा तापला होता. रस्त्यावर एकही वाहन नव्हतं. दाराच्या फटीतून त्याला चष्मेवाल्यांचे पॉलिश केलेले बूट तेवढे दिसत होते.

त्याने टेप बाहेर ओढून पायापाशी ठेवला. वायरी सेलला टेकवल्या.

"वाजला का गं?"

काहीच नाही.

"बाळ... काका विचारतोय. वाजला का?"

मागची सीट गप्प होती. वायरमनला सुटल्यासारखं वाटलं आणि वाईटही वाटलं. गेली असेल बिचारी, सुटली असेल. त्याने हात खाली घेतला.

तेवढ्यात तो वास आला. या वेळी मागून नाही. नाकाशी, जिभेवर चिकटावा इतका दाट. टेप काढल्यावर डॅशबोर्डला जी खोबण उरते, जिच्यात त्याचा हातही मनगटापर्यंतच जायचा, त्या खोबणीच्या अंधारात कुणीतरी अगदी हळू बोललं. ठणठणीतपणा कुठच्या कुठे गेला होता.

"काका... मी इथे आहे, हे बाबांना सांगू नका."

वायरमनने तोंडातून आवाज निघू नये म्हणून दात आवळले.

"काय म्हणाली?" बाहेरून चष्मेवाल्यांनी विचारलं.

"काही नाही..."

"काहीतरी म्हणाली. मला कुजबुज ऐकू आली."

"नाही, साहेब. मीच... मीच पुटपुटत होतो. ती नाही इथे. खरंच नाही."

बूट जरा वेळ हलले नाहीत. मग ते सावकाश मागच्या दाराकडे गेले. दार उघडलं. मागची सीट करकरली. दार पुन्हा लागलं, आणि मग एकेक करून मागच्या काचा वर चढल्या.

"अगं, ये ना," चष्मेवाले मागून म्हणाले. आवाज इतका मऊ होता की वायरमनला तो ओळखूच आला नाही. "ये बाळा. बाबा रागावणार नाहीत... ते गोड औषध घ्यायचं नाही आता. संपलं ते."

वायरमन जागचा हलला नाही. खोबणीतून त्याच्या गालावर इतका वेळ येत असलेला बारीक, गार श्वास एकदम थांबला. कुणीतरी तो रोखून धरला होता.